गिऱ्हाईक पुन्हा का येते?

शाळेच्या वार्षिकात बाजाराची गोष्ट निघालेली पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. ह्या पानांवर सामान्यतः वाचनाची गोडी, व्यायामाचे महत्त्व, वक्तशीरपणा असे विषय यावयाचे. आणि आम्ही पाहावे तो हातात पिशवी घेऊन उभे! परंतु ज्या विषयाशी आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घराचा आठवड्यातून एकदा तरी संबंध येतो, ज्यात वडिलांच्या मिळकतीचा मोठा भाग खर्ची पडतो, तो विषय हलका समजण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

प्रश्न एवढाच आहे. एकाच रस्त्यावर चार दुकाने असता आई मुलाला बजावून सांगते, "साखर त्यांच्याकडूनच आण हो, दुसरीकडे जाऊ नकोस." हे ती का सांगते? साखर तर सगळीकडे साखरच. शहरांतून आता मोठमोठी सुपरमार्केटे झाली आहेत. तेथे माल मांडून ठेवलेला असतो, गिऱ्हाइकाने आपल्या हाताने उचलावा आणि दाराशी पैसे चुकते करावे. त्यांतही हाच प्रकार दिसतो. एकाच्या दारी सकाळपासून रीघ लागते, आणि शेजारचे तितकेच झगझगीत, तितकेच थंडगार दुकान दोन वर्षांत कुलूप लावून मोकळे होते. दिवे दोहोंकडे आहेत, माल दोहोंकडे तोच आहे. मग अंतर कोठे पडले?

प्रथम एक घोटाळा दूर करू. जो जो पुन्हा येतो तो तो एकनिष्ठ, असे नव्हे. ज्याचे नाव दुकानदाराच्या उधारीच्या वहीत चढले आहे तोही त्याच दुकानी येतो. पण तो येतो तो पायांत बेडी असल्यामुळे. गावात दुसरे दुकानच नसेल तर तेथे येणाऱ्याची निष्ठा कोणी मोजीत बसत नाही. अलीकडे पुष्कळ दुकाने गिऱ्हाइकास एक कार्ड देतात, खरेदीगणिक त्यावर गुण जमा करतात, आणि इतके गुण झाले म्हणजे अमुक वस्तू फुकट, असे आमिष दाखवितात. ह्या व्यवस्थेला ते मोठ्या थाटाने निष्ठेचेच नाव देतात. आमच्या मते ती जुन्या वहीचीच सुधारलेली आवृत्ती होय. पूर्वी गिऱ्हाईक देणे लागत असे म्हणून येई, आता येणे आहे म्हणून येते. उद्या शेजारच्याने दुप्पट गुण दिले की ही निष्ठा रस्ता ओलांडून पलीकडे जाईल.

मग खऱ्या निष्ठेची परीक्षा कोणती? आम्ही पुष्कळ विचार करून एकच कसोटी ठरविली आहे, आणि ती आमच्या वाचकांच्या घरातलीच आहे. ज्या दुकानात आई आपल्या दहा वर्षांच्या मुलास पैसे व यादी देऊन एकटे पाठविते, आणि ते परत येईपर्यंत निर्धास्तपणे आपले काम करीत राहते, ते दुकान मोठे. मूल भाव करू शकत नाही, तराजूचा काटा पारखू शकत नाही, डाळीतला खडा ओळखू शकत नाही. त्याला फसविणे सर्वांत सोपे. जे सोपे आहे ते जो करीत नाही, त्याच्यावरच मनुष्याचा विश्वास बसतो.

ही कसोटी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ती साडेतीनशे वर्षांची जुनी आहे. इंग्लंडात सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याच्या उपदेशाने क्वेकर नावाचा पंथ उदयास आला. त्या काळी खरेदी म्हणजे घासाघीस. दुकानदाराने दुप्पट सांगावे, गिऱ्हाइकाने अर्धे मागावे, आणि शेवटी ज्याची जीभ तिखट त्याची सरशी. क्वेकर मंडळींना ह्यात असत्य दिसले. जी किंमत घ्यावयाची नाही ती सांगावयाची तरी का, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांच्यातील दुकानदारांनी एकच किंमत सांगावी व तीच घ्यावी असा नेम धरला. आरंभी लोकांनी ह्या चमत्कारिक माणसांकडे पाठ फिरविली. पुढे मात्र, फॉक्सने आपल्या आत्मवृत्तात नमूद केल्याप्रमाणे, लोकांस असा अनुभव आला की ह्यांच्या दुकानी लहान मूल धाडले तरी आपण स्वतः गेल्यासारखाच सरळ व्यवहार होतो. आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. आज वस्तूवर छापलेली किंमत आपण इतकी गृहीत धरतो की तिच्यामागे असा हट्ट होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

किमतीचा प्रश्न असा सुटू लागला. मालाचा सुटला नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील गिरण्यांच्या गावी गरिबांच्या अन्नात भेसळीला सीमा उरली नव्हती. पावात तुरटी, पिठात खडू, चहात एकदा उकळून वाळविलेली पाने. मजुरास हे कळत असे, पण उधारीने त्याचे तोंड बांधलेले असे. अशा स्थितीत लँकेशायरमधील रॉचडेल गावच्या सुमारे अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, थोडे थोडे पैसे साठवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन नावाच्या गल्लीत एक दुकान उघडले. माल काय? पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. दुकान पाहून गल्लीतली पोरे हसली म्हणतात. पण नियम पाहा: माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, आणि जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात त्याला परत. म्हणजे दुकानदार व गिऱ्हाईक हे दोन पक्षच राहिले नाहीत. स्वतःच्या पिठात खडू कोण मिसळील? जगभरची सहकारी चळवळ आपला वंश ह्या दुकानापासून सांगते.

आता सुपरमार्केटाकडे वळू. अमेरिकेत टेनेसी प्रांतातील मेंफिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिग्ली विग्ली' अशा विचित्र नावाचे दुकान काढले. तोपर्यंतची रीत अशी की गिऱ्हाइकाने यादी द्यावी आणि नोकराने फळीवरून जिन्नस काढून द्यावे. साँडर्सने फळ्या मोकळ्या केल्या व गिऱ्हाइकास आत सोडले. त्याचा हेतू नोकरांचा खर्च वाचविण्याचा होता हे उघड आहे. तथापि ह्या युक्तीत एक गोष्ट नकळत घडून आली. आजवर गिऱ्हाइकाने दुकानदारावर विश्वास टाकावयाचा होता. आता दुकानदाराला गिऱ्हाइकावर टाकावा लागला. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो पुष्कळदा त्यास पात्र होऊ पाहतो, हे शिक्षकाच्या धंद्यात आम्ही रोज पाहतो. चाकांची ढकलगाडी मागाहून, १९३७ साली, ओक्लाहोमा शहरातील सिल्व्हन गोल्डमन ह्या दुकानदाराने काढली. ती घ्यावयास प्रथम कोणी तयार होईना. पुरुषांस कमीपणा वाटे, आणि बाळांच्या गाड्या ढकलून आम्ही थकलो आहोत असे बायका म्हणत. तेव्हा त्याने पगारी माणसे आणून दुकानात गाड्या ढकलीत फिरविली, अशी गोष्ट सांगतात.

परंतु मोकळ्या फळीबरोबर एक नवे कपटही आले, आणि पालकांनी ते नीट समजून घ्यावे. दूध, अंडी ह्यांसारख्या रोजच्या वस्तू पुष्कळदा दुकानाच्या अगदी आतल्या टोकास ठेवतात, ते वाटेत इतर दहा वस्तू दिसाव्यात म्हणून. महाग जिन्नस डोळ्यांसमोर येतो, स्वस्त पायाशी पडतो. आणि पैसे देण्याच्या जागी, जेथे रांगेत उभे राहून कंटाळा येतो, तेथे चॉकलेटे व गोळ्या मांडलेल्या असतात. त्या कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर? आईच्या नव्हे, तिचे बोट धरून उभ्या असलेल्या मुलाच्या! तेथे जो रडण्याचा प्रयोग होतो तो आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी, कोणी प्रेक्षक म्हणून तर कोणी पात्र म्हणून, अनुभविला असेल. इंग्लंडात ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे गोडधोड व तळकट पदार्थ पैसे देण्याच्या जागी अथवा प्रवेशद्वारी मांडण्यास कायद्याने मनाई केली आहे. कायदा आला हे ठीकच. पण ज्या दुकानदाराने कायद्याची वाट न पाहता ती फळी उचलून आत नेली, तो आमच्या कसोटीस उतरला असे आम्ही म्हणू.

वाट न पाहणाऱ्या अशा एका दुकानदाराची हकीकत सांगण्याजोगी आहे. स्वित्झर्लंडातील झुरिच शहरी १९२५ साली गॉटलीब डुटवाइलर (१८८८–१९६२) याने पाच मोटारगाड्या घेतल्या, त्यांवर सहाच जिन्नस भरले, कॉफी, तांदूळ, साखर, मॅकरोनी, स्वयंपाकाचे खोबरेल आणि साबण, आणि गल्लोगल्ली उभे राहून ते बाजारभावाहून पुष्कळ स्वस्त विकण्यास आरंभ केला. ह्या व्यापारास 'मिग्रो' असे नाव होते. इतर दुकानदार खवळले. कारखानदारांनी त्याला माल देण्याचे नाकारले, तेव्हा त्याने स्वतःच माल तयार करण्यास सुरुवात केली. १९३३ साली सरकारने अशा शाखावाल्या दुकानांना नव्या शाखा काढण्यासच बंदी केली, ती १९४५ पर्यंत टिकली. तरी गिऱ्हाईक हटले नाही. दारू व तंबाखू आपल्या दुकानी विकावयाची नाही असा त्याचा नियम होता. आणि १९४१ साली त्याने जे केले ते तर व्यापाराच्या इतिहासात विरळाच. भरभराटीस आलेला आपला धंदा त्याने सहकारी संस्थांच्या रूपाने गिऱ्हाइकांच्याच स्वाधीन केला.

ह्या झाडाला ऐंशी वर्षांनी आलेले फळ पाहा. २०२२ साली मिग्रोच्या चालकांनी सभासदांस विचारले, की आता तरी दारू विकावी काय? सभासद वीस लाखांहून अधिक. दहा प्रांतिक संस्थांपैकी एकीतही तो ठराव मान्य झाला नाही. आपल्या सोयीची वस्तू आपल्या दुकानी नको, असे गिऱ्हाइकांनीच दुकानास सांगावे, ह्याहून निष्ठेचे दुसरे लक्षण आम्हांस ठाऊक नाही. आता पूर्ण सत्य सांगावयाचे तर मिग्रोने २००७ साली आपल्या पंखाखाली घेतलेल्या डेनर नावाच्या दुकानांतून दारू खुशाल विकली जाते. ही विसंगती आम्ही झाकून ठेवीत नाही. संस्था मोठी झाली म्हणजे तिला दोन दरवाजे फुटतात, आणि मागच्या दरवाजावर पाटी वेगळी असते.

आपल्याकडेही ह्या विचाराचे बी पूर्वीच पडले आहे. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले, आणि महायुद्ध संपले तरी टंचाई व काळाबाजार संपला नाही. त्या दिवसांत गिरणगावाशेजारी नायगाव येथे १९४८ साली कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेने 'अपना बाजार' सुरू केला. गिरणी कामगाराच्या बायकोस रास्त भाव व पुरे वजन ही दोन्ही एके ठिकाणी मिळावी, एवढीच त्याची प्रतिज्ञा. पुढे १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने तर दुकानच काढून टाकले! शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करावा, महिन्याची यादी एकत्र द्यावी, माल घाऊक आणून एका सभासदाच्या घरी उतरवावा, आणि सर्वांनी मिळून वाटून घ्यावा. ज्या घरी हे वाटप होते त्या घरची मुले गणित पाटीवर न शिकता साबणाच्या वड्यांवर शिकतात.

येथे कोणी म्हणेल, हे सहकाराचे गोडवे पुरे झाले. आज लोक धावतात ते डी-मार्टकडे, आणि ते काही कामगारांचे नव्हे. आक्षेप खरा आहे. राधाकिशन दमाणी यांनी त्याचे पहिले दुकान २००२ साली पवई येथे काढले. आणि गमतीची गोष्ट ही की तत्पूर्वी त्यांनी नेरुळ येथे अपना बाजाराचीच एक शाखा चालविण्यास घेऊन हा धंदा पारखला होता. तेथे स्वस्ताई येते कोठून, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, कारण त्यात जादू नाही, त्रैराशिक आहे. एका दुकानदाराने हजार रुपयांच्या मालावर शेकडा दहा नफा घेतला व वर्षातून सहा वेळा माल फिरविला, तर त्याला सहाशे रुपये सुटतात. दुसऱ्याने शेकडा चारच घेतले, पण चोवीस वेळा माल फिरविला, तर नऊशे साठ! गिऱ्हाइकास स्वस्त आणि दुकानदारास अधिक, ह्याचे मर्म हे. बहुतेक दुकाने स्वतःच्या जागेत असल्याने भाडे वाचते, माल पुरविणारांचे पैसे लवकर दिल्याने त्यांच्याकडून भाव कमी मिळतो, आणि सजावटीवर पैसा उधळला जात नाही. आज सवलत, उद्या दामदुप्पट, असा खेळ न करता भाव रोजच उतरता ठेवणे हाही प्रामाणिकपणाचा एक प्रकार आहे, आणि त्याचे श्रेय आम्ही देतो. मात्र गर्दी आणि निष्ठा ह्यांतला भेद विसरू नये. केवळ स्वस्ताईने आलेला मनुष्य अधिक स्वस्ताईने जातो. त्याला धरून ठेवते ते काही निराळे असते, आणि ते पुष्कळदा फार लहान असते.

आमच्या घरचाच एक प्रसंग सांगतो. एका मोठ्या दुकानात फळीवरच्या चिठ्ठीत तेलाची किंमत एक होती आणि पावतीत आठ रुपये जास्त. विचारले, तर तेथला तरुण म्हणाला, "यंत्रात जे आहे तेच लागणार." आठ रुपयांनी आम्ही भिकेस लागलो नाही, परंतु त्या दिवसापासून प्रत्येक पावती आम्ही ओळ न् ओळ तपासू लागलो, आणि तपासण्याचा कंटाळा येऊन जाणेच सोडले. दोष त्या मुलाचा नव्हे. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलाच नव्हता. ज्या दुकानात गल्ल्यावरच्या नोकरास "माझी चूक झाली, हे घ्या आपले पैसे," एवढे बोलण्याची मुभा असते, ते दुकान टिकते असा आमचा अनुभव आहे.

नोकरांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. सहा-सहा तास उभ्याने पावत्या फाडणाऱ्या मुलीकडून हसतमुखाची अपेक्षा करणाऱ्या मालकाची आम्हांस मौज वाटते. केरळाने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतील नोकरांस बसण्याची सोय मिळण्याचा हक्क दिला. खुर्चीसाठी कायदा करावा लागावा! जेथे तोच ओळखीचा चेहरा पाच वर्षे दिसतो तेथे गिऱ्हाईकही पाच वर्षे दिसते. जेथे दर महिन्यास नवा चेहरा, तेथे दुकान झगझगीत असले तरी परकेच राहते.

आता तर यादी घेऊन जाण्याचीच गरज उरली नाही असे म्हणतात. शहरांतून टेलिफोनवर बोट टेकविले की दहा-पंधरा मिनिटांत जिन्नस दारात. आजारी माणसाला, एकट्या वृद्धाला ही केवढी सोय! तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण आमच्या वर्गांतील किती मुलांस पाव किलो म्हणजे किती ग्रॅम हे हाताला ठाऊक आहे, असे विचारले तर उत्तर दरवर्षी आखडत चालले आहे. किंमत तीच ठेवून बिस्किटाचा पुडा हळूच हलका केलेला, हे पडद्यावरच्या चित्रात दिसत नाही. हातात घेतला म्हणजे कळते. वेष्टनावर कमाल किंमत, निव्वळ वजन व तयार केल्याची तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती अक्षरे बारीक असतात खरी, परंतु मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. पालकांस आमची विनंती आहे की आठवड्यातून एक यादी तरी त्यांच्या हाती द्यावी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लहानसे किराणा दुकान आहे. सुपरमार्केटाच्या एका कोपऱ्यात मावेल एवढे. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाचवीतल्या चिरंजीवांनी तेथून गूळ व काडेपेट्या आणल्या आणि परत मिळालेली दहा रुपयांची नोट फळीवरच विसरले. घरी कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या तर नाहीच नाही. पुढे ताप आल्याने आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी मीठ आणावयास गेले तेव्हा दुकानदाराने काही न बोलता शंभर ग्रॅमचे वजन उचलले. त्याखाली ती नोट चौघडी करून ठेविलेली होती, आणि तिच्यावर पेन्सिलीने मुलाचे नाव लिहिलेले होते.